धाकट्या भावाचं पुस्तक



चिंचवड गावात चापेकर चौक आहे. आकुर्डी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत काम करणारी हजारो माणसं या परिसरात राहतात. कुणी यवतमाळहून आलेलं, कुणी लातूरहून, कुणी थेट बिहारमधून. त्यांची मुलं इथल्याच शाळांत शिकतात आणि चौकातले पुतळे बघत मोठी होतात. या पुतळ्यांतून त्यांना भेटतात ते इंग्रज अधिकाऱ्याला मारून फासावर गेलेले, निर्धार झालेले चापेकर बंधू. त्याआधीची मुलं, म्हणजे घाबरणारी, हट्ट करणारी, थोरल्या भावाच्या मागे मागे फिरणारी मुलं, पुतळ्यात दिसत नाहीत. मला आज त्या मुलांविषयी बोलायचं आहे. ती कशी दाखवता येतील हे मला इराणच्या एका बाईंच्या पुस्तकात सापडलं, म्हणून आधी त्यांच्याविषयी थोडं.

मर्जान सत्रापी यांचा जन्म १९६९ सालचा. बालपण तेहरानमध्ये गेलं. १९७९ मध्ये शहाची राजवट कोसळली तेव्हा त्या दहाएक वर्षांच्या होत्या. पुढे फ्रान्समध्ये राहून त्यांनी ‘पर्सेपोलिस’ हे चित्रांतलं आत्मचरित्र केलं. २००० ते २००३ या काळात ते फ्रेंचमध्ये चार भागांत आलं. चित्रं फक्त काळ्या-पांढऱ्यात. त्यात एक लहान मुलगी मैत्रिणी-मित्रांबरोबर बागेत क्रांतिकारकांचे खेळ खेळते, रात्री अंथरुणात देवाशी बोलते. तिचा लाडका अनूशकाका शहाच्या तुरुंगातून सुटून घरी येतो, आणि क्रांतीनंतर आलेलं नवं सरकारच त्याला मारून टाकतं. शाळेत एकाएकी डोक्यावर कापड बांधायची सक्ती होते, तेव्हा मुली मधल्या सुट्टीत त्याच कापडाची दोरी करून उड्या मारतात. क्रांतीचा इतिहास इथे घरातून, जेवणाच्या टेबलावरून आणि शाळेच्या अंगणातून समजतो. मोठी माणसं कुजबुजतात आणि मूल अर्धंमुर्धं ऐकून आपल्यापुरता अर्थ लावतं. तो अर्थ कधी चुकतो, कधी मोठ्यांपेक्षा खरा निघतो.

असंच एक घर आपल्या चिंचवडला होतं.

हरी विनायक चापेकर कीर्तनकार होते. साथीदारांना पैसे देणं परवडत नसे, म्हणून मुलांनाच वाद्यं शिकवली. थोरला दामोदर १८६९ चा, मधला बाळकृष्ण, आणि धाकटा वासुदेव थोरल्याहून दहाएक वर्षांनी लहान. पौराणिक कथा, दुष्टांचं निर्दालन, धर्मरक्षण हे सगळं त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी वडिलांच्या मागे साथीला बसून ऐकलं. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चित्रांची पोथी समोर धरून, गात गात कथा सांगतात. चित्र आणि आख्यान यांची जोडी मराठी माणसाला परकी नाही. कीर्तनकाराच्या मुलांची गोष्ट चित्रांतून सांगावी असं मला वाटतं, त्याचं हेही एक कारण आहे.

दुसरं आणि मोठं कारण असं, की दामोदर हरींनी पकडले गेल्यावर तुरुंगात स्वतःची हकिगत लिहिली आहे. फाशी समोर दिसत असताना लिहिलेलं ते आत्मवृत्त आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. बालपण, कीर्तनाचे दौरे, सैन्यात शिरण्याची खटपट, मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेलं डांबर, हे सगळं त्यात आहे. त्यात समाजसुधारकांविषयीचा जळता राग आणि त्यांच्यावर केलेले हल्लेही आहेत. हा भाग अनेकांना अडचणीचा वाटतो. मला तो गाळलेला चालणार नाही. सनातनी घरातली ही मुलं होती. इंग्रजांचा द्वेष आणि सुधारकांचा द्वेष एकाच चुलीवर शिजला होता. हे झाकलं तर त्यांचं वाढणं आपल्याला कळणारच नाही.

आता १८९७ चं पुणं डोळ्यांपुढे आणा. प्लेग पसरला आहे. फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. (हाच कायदा मार्च २०२० मध्ये, करोनाच्या वेळी, आपल्यालाही लागू झाला होता.) साताऱ्याहून आलेले इंग्रज अधिकारी वॉल्टर रँड प्लेग कमिटीचे प्रमुख झाले. १३ मार्चपासून गोरे सोजीर घराघरांत घुसून तपासणी करू लागले. देवघर, माजघर, काही सुटलं नाही. संशयितांची रवानगी छावणीत. त्याआधी तीनच दिवस, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगानं गेल्या. एकाच शहरात, एकाच आठवड्यात. चित्रांच्या पुस्तकात ही दोन दृश्यं समोरासमोरच्या पानांवर यावीत. इतिहासाच्या धड्यांत ती वेगवेगळ्या प्रकरणांत जातात आणि मुलांना वाटतं, ती दोन वेगळी गावं होती.

२२ जून १८९७ ची रात्र बहुतेकांना माहीत आहे. व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ, गणेशखिंडीचा रस्ता, ‘गोंद्या आला रे’ ही खूण, चापेकर बंधूंनी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर झाडलेल्या गोळ्या. या विषयावर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट १९७९ मध्ये आला. १८ एप्रिल १८९८ ला दामोदर येरवड्यात फासावर गेले.

माझं लक्ष जातं ते त्यानंतरच्या दहा महिन्यांकडे. थोरल्या भावाला फाशी झालेली. दामोदरांची माहिती पोलिसांना देणारे द्रविड बंधू, आणि त्यासाठी सरकारनं लावलेलं वीस हजार रुपयांचं बक्षीस. धाकटा वासुदेव तेव्हा विशीच्या आतला. त्यानं दामोदरांसारखं आत्मवृत्त मागे ठेवलेलं नाही. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं? आईशी तो काय बोलत होता? मर्जान वाचली, मोठी झाली, दूर जाऊन तिनं तिचं बालपण काढलं. वासुदेवाला ती वर्षं मिळाली नाहीत. म्हणून या घराची चित्रकथा त्याच्या नजरेतून व्हावी, असं मला मनापासून वाटतं. आत्मवृत्त थोरल्याचं, डोळे धाकट्याचे.

असं काम आपल्याकडे होऊ शकतं का? झालेलं आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारलेलं ‘भीमायन’ २०११ मध्ये आलं. त्याचा आधार डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी. मसूरच्या रेल्वे स्टेशनवर उतरलेली, वडिलांकडे निघालेली, पाण्यासाठी वणवणलेली लहान मुलं त्यात आहेत. तिथे माणसांचं बोलणं साध्या फुग्यांत येत नाही. गोड बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. चित्रकार आपल्या मातीतली चित्रभाषा घेऊन बसला की काय घडतं, याचा तो पुरावा आहे. चापेकरांच्या घरासाठी अशी भाषा पवनाकाठच्या वाड्यांतून, मोरया गोसावींच्या देवळाच्या दगडांतून, कीर्तनाच्या बैठकीतून मिळेल.

सगळ्यात अवघड पान ८ फेब्रुवारी १८९९ चं असेल. वासुदेव आणि महादेव विनायक रानडे यांनी त्या रात्री द्रविड बंधूंना पोलीस साहेबानं बोलावल्याची थाप देऊन घराबाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. मेलेलेही भाऊ, मारणाराही कुणाचा तरी भाऊ. द्रविडांचंही घर होतं. चित्रकारानं या पानावर डोळे मिटू नयेत. द्रविडांना राक्षसासारखं काढलं तर पुस्तक तिथेच खोटं पडेल, आणि वासुदेवाचा राग पुसट केला तरीही.

मे १८९९ मध्ये वासुदेव ८ तारखेला, रानडे १० ला आणि बाळकृष्ण १२ ला फासावर गेले. धाकटा मधल्याच्या आधी गेला. त्यांचा कोवळ्या वयाचा साथीदार खंडो साठे याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली.

हे पुस्तक कुणी करावं, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, इथल्याच चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी करावं, आणि त्यांत यवतमाळहून, लातूरहून, बिहारहून आलेल्या घरांतली मुलं असावीत. त्यांनी दामोदरांचं आत्मवृत्त वाचावं, न पटेल तिथे भांडावं, चिंचवडच्या गल्ल्यांतून वह्या घेऊन फिरावं. शाळांनी त्यांना कागद, शाई आणि वर्षभराची सवड द्यावी. मी त्यांच्याबरोबर ते आत्मवृत्त पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला तयार आहे.