वारसा कलाचा, विकाराचा नव्हे



आतड्यांचा जुनाट दाह घरात शिरला की पहिला प्रश्न निघतो, 'हे कोणाकडून आले?' सोयरिकीच्या वेळी तर तो दडविलाच जातो. म्हणून त्याविषयी दोन शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

१९३२ साली न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन व त्यांचे दोन सहकारी यांनी यांपैकी एका विकाराचे वर्णन केले. २००१ साली सोळाव्या रंगसूत्रावरील 'नॉड-२' या जनुकाशी त्याचा संबंध आढळला. आतड्यातील जंतूंची वर्दी शरीराला देणे हे या जनुकाचे काम. पुढे अशी दोनशेहून अधिक स्थाने सापडली. प्रत्येकाचा वाटा बहुधा अल्पच. 'नॉड-२'मधील जे तीन फेरफार युरोपात नेहमी आढळतात, ते आपल्या देशातील रुग्णांत क्वचितच दिसतात.

एकरूप जुळ्यांची जनुके सारखीच; तरी एकाला हा विकार जडला असता कित्येकदा दुसरा निरोगीच राहतो. अर्थात जन्माबरोबर येतो तो कल, विकार नव्हे. मग सुनेच्या माहेराला बोल कशासाठी लावावा?

मात्र दीर्घकाळ जुलाब, शौचावाटे रक्त, वजनात घट असेल तर मूळव्याध समजून स्वस्थ बसू नये. आतड्यांचा क्षयही असाच दिसतो आणि त्याचे औषध निराळे. म्हणून तपासणी हवीच. घरात पूर्वी कोणास हा त्रास होता, हे डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. लपविल्याने निदान लांबते आणि भोगतो तो रोगी.