सायकल चाकावरून नव्हे, पायावरून

जून तोंडावर आला की श्रीगोंद्याच्या वाड्यावस्त्यांवर शाळेच्या सायकलीचा विषय निघतो. दुकानात विचारतात, मूल कितवीत आहे, आणि चोवीसची दाखवू की सव्वीसची? हे आकडे चाकाचे, इंचांतले. अंगाला बसायची असते ती फ्रेम, म्हणजे पायडलच्या आसापासून सीटखालच्या उभ्या नळीच्या टोकापर्यंतची लांबी. आणि एकाच चाकावर लहानमोठ्या फ्रेमा येतात. म्हणून माप घ्यायचं ते पायाचं. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन पायांमधून वही जांघेला टेकेपर्यंत वर सरकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. समजा, 68 सेंटिमीटर भरले. सायकलपटूंच्या रूढ हिशेबाने त्याला 0.883 ने गुणलं की आसापासून सीटची उंची येते 60. आपली काळी दांडीची सायकल बहुधा 22 इंची, म्हणजे फ्रेमच 56 सेंटिमीटर. तिच्यावर स्प्रिंगची जाडजूड सीट पार खाली बसवली, तरी ती साठाच्या वरच राहते. मग खालचं पायडल गाठायला मूल दर फेरीला कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाकतं.

यावर घरोघरी ठरलेलं उत्तर असतं: वाढतं अंग आहे, दोन वर्षांत बसेल. पैशांचा विचार केला तर ते चूक नाही. पण वाढत्या अंगाचा सदरा बाही दुमडून घालता येतो, फ्रेम दुमडत नाही. सीट वर घेता येते, नळी आखूड करता येत नाही. म्हणून दोन मापांत अडलात तर लहान घ्या. शिवाय ती दोन वर्षं मूल रस्त्यावरच असतं. गळिताच्या हंगामात मागून उसाची ट्रॉली आली की डांबर सोडून खालच्या मुरमावर उतरावं लागतं. तिथे सीटवरून पुढे उतरून दोन्ही पाय टेकल्यावर दांडी आणि जांघ यांत दोन बोटं तरी मोकळी हवीत.

कोणी म्हणेल, आमच्या वडिलांनी 24 इंची फ्रेमच्या सायकलवर दुधाचे कॅन वाहिले. वाहिले, कारण ती सायकल ओझ्यासाठी आणि खराब रस्त्यांसाठीच घडवलेली होती. पण तीच सायकल शिकताना पोरं दांडीखालून पाय घालून चालवायची, ती काही हौस नव्हती. गुणाकार नको असेल तर टाच खालच्या पायडलवर ठेवून पाहा: गुडघा सरळ व्हावा, कंबर हलू नये. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतोच. पुढे सीट वर घेता घेता तिच्या नळीवरची मर्यादेची खूण बाहेर डोकावू लागली, की ती सायकल धाकट्याकडे द्यावी.