हसविणाऱ्याचा मान



व्याख्यानमालेत संतांवर, सुधारकांवर बोलावे, विनोदी नटावर काय बोलायचे, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती स्वाभाविक आहे. रडवितो तो थोर आणि हसवितो तो नुसता गमत्या, हा समज आपल्यात खोल रुजला आहे. श्री. अशोक सराफ यांच्या कारकीर्दीकडे पाहिले म्हणजे तो किती पोकळ आहे, हे ध्यानात येते.

४ जून १९४७ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. मामा गोपीनाथ सावकार रंगभूमीवरचे जाणते. त्यांच्यापाशी शिकून 'ययाति आणि देवयानी'त सराफ विदूषक झाले. पोटासाठी बँकेची नोकरी, आणि रात्री नाटक! १९७५ च्या 'पांडू हवालदार'मध्ये प्रत्यक्ष दादा कोंडके समोर असताना त्यांनी आपली जागा राखली. १९७८ च्या 'हमीदाबाईची कोठी'त त्यांनी लुक्का रंगविला. तो विनोदासाठी घडविलेला माणूस नव्हे. १९९५ मध्ये 'हम पाँच' या हिंदी मालिकेमुळे ते घरोघरी पोचले.

त्यांची कला नेमकी कशात आहे? १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' आठवा. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे स्त्रीवेष घेतात. सराफांचा धनंजय माने मात्र साध्या पोशाखात, गंभीर चेहऱ्याने ते सारे खोटे सावरीत राहतो. तो गंभीर आहे म्हणून आपण हसतो. सोबतच्याचे वाक्य नीट ऐकावे, क्षणभर थांबावे, आणि मग बोलावे. ही शिस्त आहे. १९९१ च्या 'चौकट राजा'त हाच नट गणा होऊन आपल्या डोळ्यांत पाणी उभे करतो.

महाराष्ट्रभूषण त्यांना २०२३ सालचा मिळाला, पद्मश्री २०२५ मध्ये. तोवर कारकीर्दीची पन्नास वर्षे उलटली होती. एवढा उशीर का? हसणे आपण फुकटचे मानतो म्हणून!

मंडळी, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्या मुलखाने पाहिली, त्याला हसण्याचे मोल मी काय सांगावे? आपल्या जत्रेतला सोंगाड्या, भारुडातला गडी, यांना आपण बिदागी देतो. मान मात्र राखून ठेवतो. तो त्यांच्या हयातीतच द्यावा, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.