जुलाब थांबले, पण लघवी?



लेकराला रक्ताची हगवण लागली की घरात धांदल उडते. चार-सहा दिवसांनी जुलाब थांबतात आणि आई सुटकेचा श्वास टाकते. पण एक वैरी पुष्कळदा याच वेळी डोके वर काढतो. डॉक्टर त्याला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. हे नाव १९५५ साली स्वित्झर्लंडमधील डॉक्टर गॅसर यांनी दिले. बहुधा पाच वर्षांखालील मुलांना तो गाठतो.

होते काय, तर हगवणीच्या काही जंतूंचे विष रक्तात उतरते. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. तिच्यातील केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना हे विष इजा करते. तेथे गुठळ्या होतात. त्यांतून वाट काढताना तांबड्या पेशी फुटतात, आणि गाळणी तुंबते.

मग मूल पांढरेफटक पडते, लघवी कमी होते, तोंडावर सूज येते. रक्तदाब चढतो. मेंदूला झळ लागली तर झटके येतात. रक्तात पोटॅशियम साठले तर हृदयाला धोका पोहोचतो.

आता उपचार. हगवणीनंतरच्या या रोगात विष उतरवणारे औषध अजून नाही. परंतु शरीर सावरेपर्यंत त्याला आधार देता येतो. पाणी व क्षार मोजून देतात, लागल्यास रक्त चढवतात, रक्तदाब आवरतात. गाळणी अगदीच थांबली तर डायालिसिस करतात. हे नाव ऐकताच आईबाप हाय खातात, मुलाला घरी नेऊ म्हणतात. तसे करू नका! पुष्कळ मुलांना डायालिसिस थोडे दिवसच लागते. मूत्रपिंड पुन्हा काम करू लागते.

जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या किंवा उरलेली औषधे मनाने देऊ नका. त्यांनी अपाय होऊ शकतो. हगवण चालू असता मीठ-साखरेचे पाणी जरूर पाजा. मात्र लघवी घटली, तर ती अंगातले पाणी आटल्याने की मूत्रपिंड बिघडल्याने, हे घरी ओळखता येत नाही. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मूल बरे झाले तरी पुढे काही वर्षे रक्तदाब व लघवी तपासून घ्या. बिघाड मागाहूनही दिसतो. गुरुजींनी असे मूल वर्गात असल्यास पालकांना याची आठवण द्यावी.

जुलाब किती झाले हे आपण मोजतोच. लघवी किती वेळा झाली, हेही मोजत चला.