सुगरणीचें घर बांधतो कोण ?

मुंबईच्या राणीच्या बागेंत पक्ष्यांच्या पिंजऱ्यांपुढें नेहमींच गर्दी असते. २०२० सालीं तर तेथें प्रेक्षकांना जाळीच्या आंत शिरून पक्ष्यांमधूनच हिंडतां येईल असें भव्य पक्षिगृह उघडण्यांत आलें. शहरांतल्या मुलांना पक्ष्यांचे रंग, चोंच आणि पिसारा इतक्या जवळून पाहावयास मिळावा, ही कांहीं थोडी गोष्ट नव्हे. परंतु पक्षी दिसतो कसा हें पाहणें निराळें, आणि तो जगतो कसा हें पाहणें निराळें. या दुसऱ्या प्रकारच्या पाहण्याचा एक उत्तम दाखला खाडीपलीकडे, अलिबागजवळच्या किहीम गांवीं घडला.

साल होतें १९३०. आजच्या रायगड जिल्ह्याला त्या काळीं कुलाबा म्हणत. सालीम अली हे तरुण गृहस्थ बर्लिनला प्रोफेसर श्ट्रेसेमान यांच्या हाताखालीं पक्षिशास्त्राचे धडे घेऊन नुकतेच परतले होते. येऊन पाहतात तों मुंबईच्या म्युझियममधील त्यांची जागा पैशाच्या टंचाईमुळें नाहींशी झालेली. तेव्हां पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमच्या घरीं राहावयास गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी नव्हती, पण वेळ होता. तो त्यांनीं त्या पावसाळ्यांत या पाखरांना दिला.

मराठींत या पक्ष्याचें नांव सुगरण. नांव स्त्रीचें, तेव्हां विणकामही मादीचेंच, असा समज सहज होतो. वस्तुस्थिति उलट आहे. खोपा विणतो तो डोक्यावर पिवळी टोपी मिरविणारा नर. गवताच्या किंवा भाताच्या पात्याला कडेशीं चोंचीनें खांच पाडावयाची, टोंक धरून उडावयाचें, कीं लांब धागा सुटून येतो. अशा धाग्यांनीं विणतां विणतां खोपा उलट्या टोपासारखा झाला म्हणजे नर थांबतो, आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावूं लागतो. मादी येते, आंत शिरते, वीण ओढून पाहते. पसंत पडलें तर जोडी जमते, आणि मग नर अंड्यांची खोली व खालीं लोंबणारी नळी पुरी करतो. पसंत न पडलें तर खोपा तसाच अर्धवट राहतो. हे अर्धे खोपे म्हणजे नराचे झोपाळे, असें पूर्वीं सांगत. वास्तविक त्यांतले पुष्कळसे नापसंत ठरलेलीं घरें होत.

आणखीही एक गोष्ट दिसून आली. मादी अंड्यांवर बसली कीं नर जवळच दुसरा खोपा विणावयास घेतो, आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एका पावसाळ्यांत त्याचे असे दोनतीन संसार होतात. ही सारी हकीकत १९३१ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली.

एका पिंजऱ्यांत कोंडलेल्या एका जोडीकडे पाहून हें उमगलें नसतें. निवड करावयास अनेक खोपे हवेत, अनेक माद्या हव्यात, आणि पाहणाऱ्याला कसलीही घाई नसावी.

मग सुगरण हें नांव चुकलें म्हणावें काय ? तसेंही नाहीं. घर बांधतो नर. पण तें राहण्याजोगें आहे कीं नाहीं याची पारख मादीची, अंडीं उबविण्याचें काम तिचें, आणि पिलांना वाढविण्याचा मुख्य भारही तिच्यावरच.

पावसाळ्यांत अलिबागच्या बाजूस जाणाऱ्या श्रोत्यांनीं विहिरीवर वांकलेली बाभूळ किंवा शेताच्या बांधावरील शिंदी दिसतांच क्षणभर थांबावें. दिवाणखान्यांत टांगण्यासाठीं मात्र खोपा तोडूं नये. आंत अंडीं असतील. दुरूनच पाहावें. अर्धा खोपा दिसला तर तो आळसाचा पुरावा समजूं नये. तेथें बहुधा कोणी तरी येऊन, वीण ओढून पाहून, नाहीं म्हणून गेलेलें असतें.