पेनीचें बियाणें

मुडदूस झालेलें मूल आपणांपैकीं कांहींनीं पाहिलें असेल. पाय धनुष्यासारखे वांकतात, चालणें लांबतें. इंग्लंडच्या धुरकट शहरांत एके काळीं हा रोग सर्रास आढळे. कोणी कोंदट हवेस दोष देई, कोणी व्यायामाच्या अभावास.

१९११ च्या विमा कायद्यानें तेथें दर विमेदारामागें सालिना एक पेनी संशोधनासाठीं राखली. त्या पैशांतून १९१३ सालीं वैद्यकीय संशोधन समिति निघाली, आणि दुसऱ्याच वर्षीं तिनें एडवर्ड मेलँबी या तीस वर्षांच्या शास्त्रज्ञाकडे मुडदुसाचा प्रश्न सोंपविला. त्यानें कुत्र्यांचीं पिलें घरांत कोंडून निकृष्ट अन्नावर वाढविलीं. त्यांस मुडदूस झाला. अन्नांत कॉडलिव्हर तेल घालतांच तो टळला. हें १९१९ सालीं प्रसिद्ध झालें. हा गुण ‘अ’ जीवनसत्त्वाचा असावा, हा त्याचा तर्क मात्र चुकला; तें जीवनसत्त्व निराळें, ‘ड’, हें १९२२ सालीं अमेरिकेंत मॅककॉलम यानें दाखविलें.

समितीनें पांच वर्षें धीर धरला, हें ध्यानांत घ्यावें. नवख्या संशोधकाची अडचण हीच, कीं पुराव्यावांचून पैसा मिळत नाहीं आणि पैशावांचून पुरावा निघत नाहीं. उतारवयांत ठिसूळ होणारीं हाडें आजही घरोघरींच्या वृद्धांस अंथरुणास खिळवितात. म्हणून दान करतांना केवळ इमारतीस नव्हे, तर एखाद्या होतकरू तरुणाच्या पहिल्या दोन वर्षांसही हातभार लावावा. पीक दिसल्यावर बियाणें विकत घेणारा शेतकरी कोणीं पाहिला आहे काय?