खोक्यावरचे वॅट आणि गाडीवरचे वॅट

फिटर बंधू-भगिनी आणि दुकानदार मित्रहो,

अध्यक्षपद दिलंत, आभार. पण खुर्ची मिळाली म्हणून मी गोड बोलेन, अशी आशा ठेवू नका.

आपल्या काउंटरवर मोटारसायकलचा अँप्लिफायर ठेवलेला असतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१२०० वॅट’. तोच अँप्लिफायर उलटा करा. पाठीवर फ्यूज दिसेल, २० अँपिअरचा. चालू गाडीचे १४ व्होल्ट गुणिले २०, म्हणजे २८० वॅट. आत २८० जातात आणि बाहेर १२०० येतात, असं यंत्र अजून कुणाला जमलेलं नाही. आकडा खरा हवा असेल तर ‘आरएमएस’ बघायचा, म्हणजे न थकता जी ताकद देत राहील ती. ‘पीक’, ‘मॅक्स’ वगैरे शब्द छपाईवाल्याच्या कौतुकाचे.

गिऱ्हाईक आधी अँप्लिफायर मागतं आणि आपणही मुकाट्याने काढून देतो. खरं तर सुरुवात मल्टिमीटरने करायला हवी. होंडाने १९८० साली गोल्डविंग इंटरस्टेट आणली, तेव्हापासून मोठ्या टूरिंग गाड्यांवर गाणी वाजताहेत. गोल्डविंग काय किंवा हार्लेची स्ट्रीट ग्लाइड काय, त्यांची वीजव्यवस्था ते ओझं धरूनच आखलेली असते. त्या बघून आपल्या दारात येतो तो साध्या गाडीवाला. त्याची वीज बनवणारी मॅग्नेट कॉइल म्हणजे ठरलेला पगार. उचल मिळत नाही. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम चालू. गाडी आयडलवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. तिथेच ते साडेबाराच्या आसपास रेंगाळत असेल, तर मोठ्या अँप्लिफायरचा विषय संपला. गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगा. सिग्नलला गाडी बंद पडल्यावर तो येणार आपल्याकडेच.

आता स्पीकर. इथे मात्र पैसे खर्च करायला लावा. एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आणि दुसऱ्याची ९३ असेल, तर पहिल्याला २०० वॅट देऊन जो आवाज निघेल, तो दुसरा ५० वॅटमध्ये काढतो. दर ३ डेसिबलला वीज निम्म्यावर येते. ज्या गाडीवर वीजच मोजकी, तिथे याहून मोठी बचत कुठली? तरीही माहितीपत्रकातली ही ओळ आपल्यातले कितीजण वाचतात, हे मी विचारत नाही. माना खाली जातील.

तक्रार ठरलेली असते, ‘बेस नाही’. तो मिळणारही नाही. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाजच शंभर डेसिबलच्या आसपास जातो, आणि त्याचा जोर खालच्या पट्टीतच असतो. ढोल नेमका तिथेच बुडतो. फेअरिंगच्या पोकळीत साडेसहा इंची स्पीकरला बंद पेटीचा आधारही नसतो; बेस वाढवला की कोन फक्त फडफडतो. म्हणून हाय-पास १०० हर्ट्झच्या वर ठेवा आणि मधली पट्टी उचला. शब्द ऐकू आले की माणूस खूश असतो. वाऱ्याशी आवाजाने कुस्ती खेळू नका. शंभर डेसिबलचा मारा कानाला सुरक्षितपणे सोसतो तो दिवसाला जेमतेम १५ मिनिटं.

अँप्लिफायर क्लास डी घ्या, यावर मी वाद ऐकणार नाही. २०० वॅट आवाजासाठी तो साधारण १७ अँपिअर ओढतो, जुना क्लास एबी २५च्या पुढे जातो आणि उरलेली वीज उष्णता होऊन फेअरिंगमध्ये कोंडते. मे महिन्यात अकोल्याला हे करून बघा. दोन ओहमचे स्पीकर लावून ‘दुप्पट ताकद’ विकणाऱ्यांनी करंटही दुप्पट लागतो, हे सांगावं. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. सीटखाली सोयीची जागा मिळाली म्हणून तारेच्या दुसऱ्या टोकाला नव्हे.

पावसाळ्याबद्दल एवढंच, की कागदी कोन गाडीवर लावू नका, पॉलिप्रॉपिलीन घ्या. आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप स्पीकरच्या जाळीवर मारू नये, हे गिऱ्हाइकाला बिलावरच लिहून द्या.

रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. चौकात थांबून अख्ख्या गल्लीला गाणं ऐकवणाऱ्याची गाडी पोलीस अडवतात, तेव्हा नाव आपल्या धंद्याचं खराब होतं. दीडशे सीसीची गाडी घेऊन आलेल्या पोराला मी हेल्मेटमधला ब्लूटूथ संच सुचवतो. नफा कमी मिळतो, मान्य.

आता कामाचं. आजपासून आपल्यापैकी प्रत्येकाने बिलावर आरएमएस वॅट, फ्यूजचा आकडा आणि फिटिंगनंतर आयडलला मोजलेलं व्होल्टेज लिहावं, असा ठराव मी मांडतो. अनुमोदनासाठी हात वर करा. विरोध असेल त्यांनी माइकवर येऊन कारण सांगावं.